अजून एकदा, जोरात

मला खोटा आवाज सहन होत नाही. कार्टूनमधल्या कोंबडीला शहरातल्या बाईचा गुळगुळीत आवाज दिला की माझं डोकं तडकतं, आणि ढगांचा गडगडाट इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतला की जास्तच तडकतं. ते ढग कुठल्या देशातले असतात कोण जाणे. आपल्याकडे वैशाखात वादळ येतं तेव्हा ढगांच्या आधी पत्रे वाजतात. हे मी रविकांतला निदान वीस वेळा ऐकवलं होतं आणि तो बिचारा वीस वेळा "हाव ताई" म्हणाला होता.

आमचा स्टुडिओ म्हणजे लातूरला एका डाळ मिलच्या वरची एक खोली. रविकांत चित्रं काढतो आणि हलवतो. मी गोष्टी लिहिते आणि सगळ्यांवर ओरडते. खाली मिल चालू असली की आमच्या खुर्च्यासुद्धा थरथरतात, त्यामुळे आवाज तिथे रेकॉर्ड करायची सोय नाही. म्हणून आम्ही आमची पद्धत काढली होती. आवाज देणारी माणसं आपापल्या गावात बसून व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायची आणि रविकांत ते चित्रांना चिकटवायचा. असे चाळीस भाग आम्ही केले होते. गावची जनावरं, गावची भांडणं, गावच्या शिव्या. बघायची लेकरं, पण खाली कमेंट लिहायच्या त्यांच्या आया.

या सगळ्याचा जीव होता चंद्री म्हैस, आणि चंद्रीचा आवाज होत्या साखराबाई.

साखराबाई मला माहूरला दर्शनाच्या रांगेत सापडल्या. मागून म्हैस बोलल्यासारखं वाटलं म्हणून मी वळले, तर साठीच्या पुढची एक बाई आपली म्हैस सुनेला कशी नावं ठेवते ते सांगत होती. आवाज म्हशीचा, शब्द माणसाचे. रांगेतली माणसं पोट धरून हसत होती. मी तिथेच नंबर घेतला आणि फोनमध्ये 'साखराबाई म्हैस' असं नाव घातलं. "भोकरजवळच गाव हाय आमचं," एवढं त्या म्हणाल्या आणि रांग पुढे सरकली. त्यानंतर आमची कधी भेट झाली नाही, पण रोजच्या बोलण्यात त्या माझ्या मावशी होऊन गेल्या.

मावशींना वाचता येत नव्हतं. रविकांतनं त्यांना फोनवरच शिकवलं. वर म्हशीचं चित्र दिसतं, त्याला बोट लावायचं, माइक दाबून धरायचा, बोलायचं आणि सोडायचं; आमचा आवाज आला तर त्यावरच्या बाणाला बोट लावून ऐकायचा. त्या मोठ्या फोनवर त्यांना तेवढंच येत होतं. मी प्रसंग सांगायची आणि त्या आपल्या मनानं बोलायच्या. मध्येच घरच्यांची नावं घालायच्या, मुलगा वैजनाथचं, सून शिल्पाचं; ती नावं रविकांत नंतर कापून टाकायचा. घरी याचा कुणालाच पत्ता नव्हता. म्हातारी गोठ्यात बसून म्हशीशी बडबडते, असं घरचे समजायचे. पैसे देऊ केले तर मावशी म्हणायच्या, "पोराला काय सांगू, म्हैस होऊन कमवून राहिले?" महिन्याला फोनचं रिचार्ज टाकलं की त्या खूश.

एक्केचाळिसावा भाग वादळाचा होता. त्यात तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. बोकड लग्नाच्या बसमध्ये अडकतो, कोंबड्याचं खुराडं उडून जातं आणि चंद्री गोठ्याच्या पत्र्यांखाली सापडते. चंद्री मदतीसाठी ओरडत राहते. बोकडाला वाटतं, ती सुनेशी भांडते आहे. कोंबड्याला वाटतं, ती गाणं म्हणते आहे. शेवटी तिघांच्या गोष्टी त्याच गोठ्यात येऊन धडकतात. चंद्रीचं ओरडणं कुणीच खरं मानत नाही, हा त्यातला विनोद. तो मीच लिहिला होता आणि लिहिताना मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं होतं.

मी मावशींना फोन करून सगळं समजावलं. शेवटी म्हणाले, "मावशी, घरात बसून बोलू नका. वारा सुटला की गोठ्यात जा आणि तिथून बोला. पत्रे खरे वाजले पाहिजेत."

"हाव," त्या हसून म्हणाल्या. "वारं तर रोजच उठून राहिलंय. सुटू दे, मग बघ."

सांगणारी मी होते. रविकांतनं तेव्हाच मान वर करून विचारलं होतं, "ताई, वाऱ्यात गोठ्यात कशाला?" मी त्याला चित्राकडे बघ म्हणाले.

बुधवारी दुपारी लातूरला पान हलत नव्हतं. आभाळ पिवळं झालं होतं आणि उत्तरेकडे काळं दिसत होतं. चारच्या सुमाराला फोन वाजला. मावशींचा आवाज आला होता, चाळीस सेकंदांचा. रविकांतनं तो मोठ्या स्पीकरवर लावला.

आधी नुसता वारा. मग पत्र्यांचा असा दणदणाट की खालच्या मिलचा आवाज बुडाला. मग काहीतरी कोसळल्याचा आवाज, आणि मावशी.

"अगं माय! पडलं, पडलं! पत्रे पडले गं अंगावर! कुणी हाय का? वैजू! आरं वैजू! शिल्पे, कुठं मेलीस गं? पाय गावलाय माझा. काढा की कुणीतरी!"

आम्ही हसलो. नुसतं हसलो असंही नाही, रविकांत पाय आपटत होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. 'शिल्पे, कुठं मेलीस' हे असं ऐन ठिकाणी आलं होतं की मला जन्मात सुचलं नसतं. गारांचा आवाज, पत्र्याचा आवाज, श्वास लागलेला आवाज, सगळं अस्सल. मी टाळ्या वाजवल्या. फक्त शेवटचं वाक्य वाऱ्यात बुडत होतं, आणि माझ्यासारख्या बाईला तेवढी खोट दिसायला किती वेळ लागणार? मी माइक दाबला आणि म्हणाले, "लई भारी, मावशी! एक नंबर! अजून एकदा, जोरात! शेवटचं तर अजून जोरात!"

माझा आवाज बराच वेळ नुसता अडकून पडला. मग पोहोचला. दहा मिनिटांनी मावशींचा दुसरा आवाज आला.

"हाव गं... वरडते. काढा गं मला! काढा! तनुजा, लवकर कर माय, दम निघून राहिला माझा!"

"घ्या," मी म्हणाले, "मावशींनी मलाही कार्टूनात घातलं." रविकांत पुन्हा हसला. त्यानं तो आवाज उचलून चित्राखाली लावला. 'दम निघून राहिला'च्या पुढे बोकडाचा निर्विकार चेहरा किती वेळ ठेवायचा, यावर आम्ही जवळजवळ वीस मिनिटं वाद घातला. मी म्हणत होते तीन सेकंद, तो म्हणत होता दोन. प्रत्येक वेळी बघण्यासाठी आम्ही तो आवाज पहिल्यापासून वाजवत होतो.

तिसरा आवाज आला तेव्हा त्यात शब्द नव्हते. पाऊस होता, आणि मध्येमध्ये म्हशीचं ओरडणं.

"बघ," मी म्हणाले, "न सांगता म्हशीचा नुसता आवाजही दिला. याला म्हणतात कलाकार."

रविकांतनं कानाला हेडफोन लावला होता. त्यानं तो आवाज एकदा ऐकला, मग पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना त्याचा हात माऊसवरून खाली आला. त्याच्या घरी औशाकडे सहा म्हशी आहेत, तो त्यांच्यातच वाढला आहे.

"ताई, ही मावशी न्हाई," तो म्हणाला.

"मग कोण? तुझी मावशी?"

"ही खरी म्हैस हाय. गळ्याला दावं आवळलं की म्हैस अशी वरडते. आमची एक अशीच गेली."

मी आधी त्याच्यावर खेकसले. हे मला सांगितलंच पाहिजे. मी त्याला म्हणाले, उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस, काम राहिलंय. मग मी त्याच्या कानावरचा हेडफोन ओढून घेतला आणि पहिला आवाज परत लावला. शब्द तेच होते. वैजू, शिल्पे, पाय गावलाय, काढा की कुणीतरी. एकही अक्षर बदललं नव्हतं, आणि आता त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. दुसरा आवाज मला पूर्ण ऐकवला नाही.

मी फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, दहा वेळा लावला. वादळात तिकडचं नेटवर्क येत-जात असावं. आवाज तेवढे निसटून आमच्यापर्यंत आले होते आणि फोन काही जात नव्हता.

"दुसऱ्या कुणाचा नंबर हाय का?" रविकांतनं विचारलं.

नव्हता. चाळीस भाग ती बाई आमच्यासाठी बोलली होती. तिच्या सुनेला चहा गोड लागतो हे मला माहीत होतं, तिची म्हैस कुठल्या पायानं लाथ मारते हे माहीत होतं. नंबर एकच होता, तिचा.

मी पोलिसांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे विचारत होता आणि त्याचा प्रत्येक प्रश्न बरोबर होता.

"गाव कोणतं?"

"भोकरजवळ."

"भोकरजवळ लई गावं आहेत, ताई. नाव सांगा."

"नाव माहीत नाही."

"बाईंचं पूर्ण नाव? आडनाव?"

मी फोनमध्ये बघितलं. तिथे लिहिलं होतं, साखराबाई म्हैस. मला त्या माणसाला तेसुद्धा सांगता आलं नाही. त्यानं मावशींचा नंबर लिहून घेतला, फोन कुठे आहे ते शोधायला लावतो म्हणाला, पण वादळानं तिकडे तारा तुटल्या आहेत, वेळ लागेल हेही म्हणाला. मी आजवर कितीतरी माणसांवर ओरडले आहे. त्याच्यावर ओरडावं असं त्यानं काहीच केलं नव्हतं.

रविकांत म्हणाला, "ताई, आपलं चॅनल भोकरमधे बघतात. तिथं टाकू."

आम्ही मावशींचा पहिला आवाज जसाच्या तसा चॅनलवर टाकला. खाली लिहिलं की हा खरा आवाज आहे, ही बाई खरोखर पत्र्याखाली सापडली आहे, भोकरजवळच्या कुणी आवाज ओळखत असेल तर ताबडतोब फोन करा. माझा नंबर दिला.

दोन मिनिटांत हसणारे पिवळे चेहरे यायला लागले. आधी दहा-बारा, मग शेकड्यांनी. 'चंद्री रॉक्स.' 'पोट दुखलं हसून.' 'नवीन भाग कधी?' 'शिल्पे कुठं मेलीस, आमच्या सासूबाईंना ऐकवलं.' लोकांची काय चूक? महिन्यापूर्वी आम्हीच 'चंद्री म्हैस हरवली आहे, सापडल्यास कळवा' अशी जाहिरात टाकली होती, ती भागाची जाहिरात होती आणि लोकांना लई आवडली होती. हीही तसलीच समजली त्यांनी. माझी माणसं माझ्याच शिकवणीप्रमाणे हसत होती.

मग मी कॅमेरा चालू केला आणि थेट समोर बसले. केस विस्कटलेले, आवाज फाटलेला. मी हात जोडले. "मी तनुजा, हे कार्टून मी लिहिते. आईशपथ सांगते, ही जाहिरात नाही. हसू नका. ती बाई मरेल." त्यावर कुणीतरी लिहिलं, 'ताई, तुम्ही पण छान ॲक्टिंग करता.' मी रडायला लागले तेव्हा हसणारे चेहरे जरा कमी झाले. पण थांबले नाहीत. रविकांत बाजूला उभा राहून मावशींचा नंबर लावत होता, कापत होता, परत लावत होता.

साडेपाच वाजले होते तेव्हा एक कमेंट आली. 'ताई ह्या आमच्या आत्याबाई, माझ्या सासूबाई आहेत. माझंच नाव घेऊन राहिल्यात. मी शिल्पा.'

मी पडद्यावर बोट टेकवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "शिल्पा, फोन करा, फोन करा." पुढच्या क्षणी फोन वाजला. मागे बँडचा आवाज होता, बायका हसत होत्या. शिल्पा नवऱ्याबरोबर नांदेडला बहिणीकडच्या हळदीला आली होती, म्हणून घरी मावशी एकट्या होत्या. शिल्पाची मुलगी मोबाइलवर चंद्री बघत बसली होती आणि तिनं आईला हाक मारून म्हटलं होतं की मम्मी, म्हैस आजीसारखी बोलते. चाळीस भाग शिल्पा लेकीबरोबर बसून त्या म्हशीच्या बोलण्याला हसली होती. ती म्हैस आपली सासू आहे हे तिला त्या मिनिटाला कळत होतं.

"हे कधीचं हाय?" तिनं विचारलं.

"चार वाजताचं."

"साडेपाच झाले. दीड तास तुम्ही काय करून राहिल्या होत्या?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही, गावाचं नाव सांगून फोन कापला. मी ते नाव पोलिसांना कळवलं. तोवर शिल्पानं शेतशेजाऱ्याला गाठलं होतं. पुढचा पाऊण तास आम्ही दोघं जमिनीवर बसून होतो. खाली मिल चालू होती आणि फरशी थरथरत होती. सव्वासहाला शिल्पाचा फोन आला. लोकांनी पत्रे उचलले होते. लोखंडी अँगल मांडीवर पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं, अंग गार पडलं होतं, पण मावशी जिवंत होत्या. म्हैस गेली होती. चंद्री हे नाव गावोगाव म्हशींना असतं, तिचंही तेच होतं, आणि कार्टूनमधलं नाव आम्ही तिच्यावरूनच घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी आणि रविकांत नांदेडला गेलो. दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात तिसऱ्या खाटेवर मावशी होत्या. पाय वजन लावून ताणलेला, कपाळावर पट्टी, ओठ सुजलेले. माहूरच्या रांगेनंतर मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि हात पुढे केला.

खाटेजवळ उभ्या असलेल्या दणकट माणसानं माझ्यासमोर हात जोडले. तो वैजनाथ होता. त्याचे डोळे लाल झाले होते. "तुमच्यामुळं माय वाचली," तो म्हणाला. "म्या काय बोलू ताई. आमची मायच गेली असती." पायाशी शिल्पा उभी होती. तिनं हात जोडले नाहीत. ती माझ्याकडे बघत होती.

मावशींनी माझा हात धरला आणि शेजारच्या खाटांवरच्या बायकांना ऐकू जाईल असं सांगायला सुरुवात केली. आवाज पार बसला होता.

"हीच ती पोरगी. म्या आडवी पडले होते, तोंडात माती. फोन हाताशीच पडला होता, पण अंगठा तेवढा पोचत होता. पोरं घरी न्हाईत हे बी इसरून एकदा वरडले अन् मनात म्हणलं, झालं आता, ह्या पावसात कोण ऐकून राहिलंय. तेवढ्यात हिचा आवाज आला. लई भारी मावशी, म्हणली. अजून एकदा, जोरात, म्हणली. तवा मला कळलं, हिला समजलंय. ही मला झोपू देऊन न्हाई राहिली. माणसं पाठवल्याबिगर ही असं बोलणार न्हाई. मग म्या वरडले. घसा बसला तरी बटन दाबून धरलं, म्हणलं पोरगी ऐकून राहिली."

शेजारच्या म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. वैजनाथनं पुन्हा हात जोडले. रविकांत खिडकीबाहेर बघायला लागला.

गप्प बसणं सोपं होतं. कुणी विचारत नव्हतं. मावशींना बरं वाटत होतं, मोडलेल्या पायासकट बरं वाटत होतं, आणि ते हिसकावून घेण्यात कुणाचं भलं होतं? हे सगळं मी त्या एका मिनिटात स्वतःला सांगून बघितलं. पण शिल्पा बघत होती आणि मावशींचा हात गरम होता. मला त्या हातात खोटं बोलून राहवेना.

"मावशी," मी म्हणाले, "मला समजलं नव्हतं."

"काय?"

"मला वाटलं, तुम्ही चंद्री करताय. आम्ही हसत होतो. नुसतं हसत होतो, मावशी. अजून एकदा म्हणाले ते... ते कार्टूनसाठी म्हणाले."

वैजनाथचे जोडलेले हात खाली आले. शेजारच्या म्हातारीनं पदर बाजूला केला. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी मला शिवी द्यावी, थोबाडीत मारावी, असं मला मनापासून वाटत होतं, कारण ते मला झेपलं असतं. त्या रागावल्या नाहीत. त्या फक्त काहीतरी जुळवून बघत होत्या, पत्र्याखालचा तो सगळा वेळ परत एकदा मनात लावून बघत होत्या.

"दुसऱ्या बारीला बी? तुझं नाव घेतलं तवा बी?" त्यांनी विचारलं.

"तेव्हासुद्धा."

बसलेल्या आवाजात, अगदी हळू, त्या म्हणाल्या, "मग म्या कुणाच्या भरवशावर वरडून राहिले होते गं?"

त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.